शिजवलेली बांगडी

९ नोव्हेंबर १९८७, सोमवार
मंगल, तारीख घातलीस का? आजी सांगते तसं लिही. समोरच्या सुमनचा नवरा आज सकाळी गेला. तिच्या बांगड्या आमच्या गंगूअक्काने फोडल्या. अक्का माझी मोठी जाऊ. गल्लीत कुणाचाही नवरा जावो, वरवंटा तिच्याच हातात असतो, कारण विधवांत वयानं सगळ्यांत मोठी ती. एका घावात व्हायला हवं ते आज झालं नाही. दगड घसरला, परत मारला, सुमनचं मनगट कापलं. बाया रडत होत्या त्या आणखी मोठ्यानं रडल्या. कुणी चिंधीसुद्धा आणली नाही.
सवाष्णींनी ते बघू नये म्हणतात. मी बघितलं.
माझ्या आईच्या मनगटावर असाच व्रण होता. लहानपणी मी त्यावर बोट फिरवायचे आणि ती हात ओढून घ्यायची.
घरी आल्यावर यांना म्हटलं, तुम्ही गेल्यावर माझ्या हाताला दगड लागता कामा नये. हे म्हणाले, मी कुठं चाललो? दम्यानं दारापर्यंत जाववत नाही, म्हणे कुठं चाललो.

११ नोव्हेंबर
दिनकरला सांगितलं. पोटचा पोरगा, म्हटलं ऐकेल. म्हणाला, माय, आबा समोर बसलेत आणि तू हे काय अभद्र बोलतेस. म्हटलं, आबांनाच आधी सांगितलंय. मग म्हणाला, लोक काय म्हणतील. हे ठरलेलंच. सून विमल भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. भाकर करपली.
अक्काकडे गेले. तिला सरळ विचारलं. ती म्हणाली, "तुन्या बी मीच फोडसू. त्यात इचारानं काय?" आणि चहा टाकला. चहा चांगला करते, हे मात्र लिही.

१४ नोव्हेंबर
माणसं ऐकत नाहीत तर बांगडीनंच ऐकावं. न फुटणारी बांगडी पाहिजे. प्लास्टिकची नको, ती मला माळ्यावरच्या खेळण्यासारखी वाटते. आणि त्या दिवशी हातात काचेचीच असणार.
हे मी नुसतं बोलले. मंगल धुळ्याच्या कॉलेजात रसायन शिकते, रोज एस.टी.नं जाते-येते. ती म्हणाली, आजी, होते तशी काच. सोरा, फटाक्याच्या दारूत असतो तो, वितळवायचा, त्यात काच बुडवून तासन् तास ठेवायची. चष्म्याच्या काचा करतात म्हणे.
विचारलं, सोऱ्यात असं काय आहे? ती म्हणाली, काचेत सोड्याचे बारीक कण असतात. ते बाहेर पडतात आणि सोऱ्यातले मोठे कण त्यांच्या जागी घुसतात. काचेच्या अंगावर दाटी होते. दाटी झाली की भेग पुढं सरकत नाही.
समजलं. धुळ्याची एस.टी. बारीक पोरं खाली उतरवली आणि त्यांच्या जागांवर लठ्ठ बाया बसवल्या. मग गाडी कितीही आदळो, कुणी पडत नाही.
मंगल हसते आहे. हसू नको, लिही. अशीच सांग तुझ्या सरांना.

१७ नोव्हेंबर
सोरा आणला. काष्ठौषधीवाल्यानं विचारलं, आजी, फटाके करता का या वयात? म्हटलं, म्हातारा उडवायचाय.
कासाराकडून साध्या हिरव्या बांगड्या आणल्या. तो म्हणे हातात भरतो, मी म्हटलं पिशवीत भर. कासाराच्या जन्मात असं गिऱ्हाईक आलं नसेल.

१९ नोव्हेंबर
मागच्या अंगणात भुशाची शेगडी लावली. भुसा ठासून भरला की ती दिवसभर सारख्या आंचेवर राहते. वर लोखंडी तसराळं, त्यात सोरा.
मला धूर चालत नाही म्हणणारे हे खुर्ची घेऊन शेगडीपाशी आले. जन्मात चुलीपुढं बसले नव्हते. आता मला सांगतात, आंच जास्त झाली, आंच कमी झाली. म्हणाले, माझ्या मरणाची तयारी आहे, मी नको का लक्ष द्यायला?
सोरा पाण्यासारखा पातळ झाला. सुंदर दिसतो. मंगलनं चिमट्यात बांगडी धरून आत सोडली. टच्च. तुकडे.
गार बांगडी एकदम उकळत्यात टाकली, दुसरं काय होणार. माझ्या ध्यानात यायला हवं होतं. कढईत गार पाण्याचा हात झटकते का मी?

२२ नोव्हेंबर
आज काय झालं ते लिही, पण तुझ्या बापाला वाचून दाखवू नको.
बांगड्या आधी शेगडीच्या कडेला ऊन करून घेतल्या. सगळं नीट चाललं होतं. मंगल म्हणाली, आता सोडायच्या. मी म्हटलं, थांब. नव्या कामाला तोंड गोड करायचं असतं. घरात नवी चूल मांडली, नवं जातं मांडलं, तर पहिला गुळाचा खडा त्याला. इतकी वर्षं करत आले. हरभऱ्याएवढा खडा हातात होता, तो तसराळ्यात टाकला.
फस्स करून जांभळी ज्वाळा निघाली. अशी ज्वाळा मी पाहिली नव्हती. पांढरा धूर अंगणभर. यांच्या एका भुवईचे केस गेले. मंगलनं मला पदराला धरून मागं ओढलं, नाहीतर पदरही गेला असता. ओरडली माझ्यावर, पहिल्यांदा. सोऱ्यात गूळ, साखर, तेल, कागद, पाण्याचा थेंब, काही पडता कामा नये, आजी, जीव जाईल.
तिनं आधी सांगितलं नव्हतं. विज्ञानात कुणी गूळ टाकेल असं तिला वाटलंच नसेल.
हे आरशात बघत होते. म्हणाले, मी जायच्या आधीच अग्नी दिलास.

२४ नोव्हेंबर
मंगलनं नियम घातले. पदर खोचायचा. शेगडीजवळ फक्त ती. मी आणि हे ओट्यावर, तिथून हलायचं नाही. देवाला गूळ देवघरात.
चालेल.

२९ नोव्हेंबर
शिजल्या. चार-पाच दिवस मधूनमधून हेच चाललं. आंच कळावी म्हणून मंगलनं जुन्या बॅटरीच्या सेलचं जस्त कापून पळीत ठेवलंय, ते वितळलं की आंच फार झाली. बांगड्या काढल्या, हळूहळू गार केल्या, धुतल्या. रंग तसाच हिरवा.
ओट्यावरून फरशीवर टाकल्या. कच्ची फुटली. शिजवलेली पण फुटली. दुसरी जोडी टाकली, तेच.
मंगल खाली मान घालून तुकडे वेचत होती. हे म्हणाले, आपल्याकडं ज्वारी पहिल्या पावसात बुडाली तर काय करतो? परत पेरतो. शेतकऱ्याला दुसरं काय येतं. माझ्या नवऱ्याच्या तोंडून कधी कधी बरं निघतं, म्हणून लिहून ठेवलं.

३ डिसेंबर
मंगल कॉलेजात सरांना विचारून आली. सोऱ्यात मीठ मिसळलेलं असतं म्हणे. मिठात तेच बारीक कण, सोड्याचे. म्हणजे आम्ही बारीक पोरं उतरवत होतो आणि दुसऱ्या दारानं तीच परत चढत होती.
सोरा साफ करायचा. गरम पाण्यात विरघळवायचा, गाळायचा, गार होऊ द्यायचा. सोऱ्याचे खडे बसतात, मीठ पाण्यात राहतं.
हे काम माझं. खडीसाखर करतात तसंच. विमलही हळूच येऊन बसली, फडकं धरायला. म्हटलं, तुला काय पडलंय? म्हणाली, काही नाही माय. पण गाळून होईपर्यंत उठली नाही.

८ डिसेंबर
सोऱ्याचे खडे काचेच्या काड्यांसारखे निघाले. परत विरघळवून परत काढले. अक्का डोकावून गेली. "हाई काय शे?" म्हटलं, साबुदाणा. ती म्हणाली, "तुना साबुदाना तुलेच लखलाभ." तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, पण नाक शाबूत आहे. धुराचा वास तिला दोन घरं सोडूनही येतो.

१३ डिसेंबर, रविवार
मंगल, मोठ्या अक्षरात लिही.
क. पडली, फुटली. शि. पडली, उडाली, गटारीपर्यंत गडगडत गेली. (क. म्हणजे कच्ची, शि. म्हणजे शिजवलेली. मंगलचं लिहिणं.)
परत टाकली. परत उडाली. हे खुर्चीतून उठले, स्वतः टाकली, छातीपासून. नुसती खणखणली. मग दिनकर शेतावरून आला, त्यानं उचलून भिंतीवर फेकली तेव्हा फुटली. म्हणाला, फुटते की. म्हटलं, तुझ्यासारखा पोरगा असल्यावर लोखंडही फुटेल.
पण चांगली शिजली. सगळ्याच सारख्या निघत नाहीत, काही फुटतातच. तरी कच्चीपुढं ती दगड आहे.
दोन्ही हातांत एकेक शि. घातली. जुन्या काढल्या नाहीत, हात रिकामा ठेवायचा नाही. एक माप मोठं घेतलं होतं म्हणून सहज गेल्या. यांना हात दाखवला. म्हटलं, आता जा सावकाश, घाई नाही.

१९ डिसेंबर
यांच्या छातीत कळ आली. पहाटे नाही, भर दुपारी, जेवताना. धुळ्याला नेलं. मी बरोबर. मंगल वहीही घेऊन आली आहे. दवाखान्याच्या बाकावर बसून लिहिते आहे. डॉक्टर म्हणतात हृदय थकलंय, धूर अजिबात नको.
शेगडीपाशी बसले होते ते. मी बसू दिलं.

२१ डिसेंबर
शेजारच्या खोलीत एक बाई, आपल्या पारोळ्याकडचीच, तिचं पोटाचं ऑपरेशन. आत न्यायच्या आधी नर्सनं तिच्या हाताला साबण लावला आणि एकेक बांगडी हळूच काढली. एकही फुटली नाही. रुमालात बांधून नवऱ्याच्या हातात दिल्या. तो बिचारा रुमाल दोन्ही हातांनी धरून बसला, जसं काही बायकोच त्यात आहे.
मी बघत राहिले. किती साधं. साबण.

२८ डिसेंबर
घरी आलो. हे खाटेवर. बोलताना धाप लागते, तरी बोलतात. तीन आठवड्यांनी परत दाखवायचं, मग ठरवतील. काय ठरवतील ते सांगत नाहीत.
अक्का रोज येते. यांच्या पायथ्याशी बसते, धाकटा दीर तिचा. मग माझ्या मनगटाकडं बघते. मी बांगड्या वाजवते.

१४ जानेवारी १९८८, संक्रांत
दुपारी विमलनं हळदीकुंकू ठेवलं. अक्काला बोलवत नाहीत, म्हणून ती मागच्या दारानं येते, सगळ्या गेल्यावर तिळगूळ खायला. आज आली आणि सरळ म्हणाली, "देखू दे त्या बांगड्या. गावभर बोंबललं तुनी नातनं, फुटत नई म्हने."
म्हटलं, हातावर नाही मारू देणार.
"तुना नवरा जित्ता शे. माले पाप लावतीस का? दुसरं काही दे."
विमलच्या टोपलीत भरताची वांगी होती, लांब, मनगटाएवढी. एकाला डब्यात उरलेली एक शि. चढवली, अगदी हातात बसल्यासारखी बसली. मी पाटा आणला, अक्कानं वरवंटा घेतला. विमल दाराशी. मंगल वही बाजूला ठेवून.
अक्कानं मारला. बांगडी जशीच्या तशी. मी हसले. म्हटलं, बघ.
तिनं परत मारला. जोरानं. परत. फुटली नाही.
आतून हे ओरडले, अगं, मी अजून आहे. सगळ्या हसलो. अक्का नाही हसली. तिनं बांगडी वांग्यावरून काढली आणि वांगं माझ्यापुढं सरकवलं. बांगडी होती तिथं वांगं पार चेंदलं होतं. साल फाटून आतला गर, बिया, सगळं पाट्यावर.
"आते देख," म्हणाली. "फुटनी नई ते काय, आम्हू हात सोडी देसूत? दुसरा दगड लई येसूत. बठ्ठ्या बाया देखतीन, फुटी तठलोंग मारनंच पडस."
एवढा भुसा जाळला, यांची छाती जाळली, आणि हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. बांगडी जितकी पक्की, तितके घाव हाताला.
विमलनं वांगं उचललं आणि आत नेलं. भरीत केलं. मी जेवले नाही.

१५ जानेवारी
सकाळी अक्काकडं गेले. रागावून गेले होते. म्हटलं, तुला सगळं माहीत होतं तर एवढे दिवस गप्प का बसलीस? आणि तुला हे काम आवडतं तरी कसं?
ती तांदूळ निवडत होती. वर बघितलं नाही. "तुले काय वाटस, माले ते काम आवडस?" म्हणाली, तिच्या वेळी चौघीजणी होत्या, एकीनं धरलं, बाकीच्यांनी मारलं, तिचं करंगळीचं हाड अजून वाकडं आहे. म्हणून तिनं हे अंगावर घेतलं. मनगटाखाली पदराची घडी ठेवायची, एकच घाव, कडेला. कुणाला कळत नसे तिनं घडी ठेवलेली. इतक्या बायांचं केलं, कुणाला ओरखडा नाही. सुमनपर्यंत.
"मना हात थरथरस आते. आणि दिसत बी नई."
मीही सुपाशी बसले. तांदूळ निवडले दोघींनी. मी म्हटलं, अक्का, दवाखान्यात साबण लावून काढतात. ती म्हणाली, दवाखान्यात दहा बाया बघायला उभ्या नसतात. म्हटलं, उभ्या राहू देत, तू काढ. तू काढलंस तर कोण बोलणार? सगळ्यांच्या तूच फोडल्यास.
ती उठली, सूप आत ठेवलं. दारात येऊन म्हणाली, "मी ऱ्हायनी ते देखसू. नई ऱ्हायनी ते मनामांगे तुनीच पाळी शे. वरवंटा तुनाच हातमा येई."
हे मला सुचलंच नव्हतं. अक्का गेली आणि हेही गेले, तर गल्लीतल्या विधवांत वयानं सगळ्यांत मोठी मी. पाळीत सुमन माझ्या मागं. विमल, मंगल, सगळ्यांचे हात माझ्या पुढं.
येताना वांग्यावरची ती शि. तिच्या ओसरीवर विसरून आले. विसरले असं लिही.

१७ जानेवारी
सुमनला घरी बोलावलं. तिच्या मनगटाला तेल लावलं. जखम भरली आहे, व्रण राहील. तिनं विचारलं, आजी, तुमच्या त्या बांगडीचं काय झालं? सांगितलं, वांग्याचं भरीत झालं. ती हसली. नवरा गेल्यापासून पहिल्यांदा हसताना पाहिली.
सोरा डब्यात बंद करून मंगलनं वर ठेवला. परत शिजवू का विचारते. शिजव, म्हटलं. दगडासाठी नको. धुताना, लावणीला, शेण काढताना किती फुटतात बायांच्या. त्यासाठी शिजव. आणि माप मोठं घे. सगळ्यांचं. हातातून निघेल असं.

१९ जानेवारी
उद्या पहिल्या एस.टी.नं यांना घेऊन धुळ्याला. पिशवी भरली.
संध्याकाळी हे उठून बसले. म्हणाले, हात दे. म्हटलं, काय काम? हे म्हणाले, विमल, साबण आण गं. मी म्हटलं, काय चाललंय, तुम्ही जिवंत असताना बांगडी उतरवायची का? हे म्हणाले, मलाही बघू दे निघते का. स्वतः साबण लावला. शि. काढली. बाकीच्या हातातच होत्या, म्हणून मी काढू दिली. खूप वेळ लागला. सांध्यावर अडकली, यांना धाप लागली, पण सोडलं नाही. निघाली. धुतली, पदराला पुसली आणि परत घातली. इतक्या वर्षांच्या संसारात मला बांगडी कासारानंच भरली. यांनी आज.
म्हणाले, निघते. मग आडवे झाले.
अक्का आली होती, प्रवासाला दही द्यायला. वाटी पुढं केली तेव्हा पदराखाली डाव्या मनगटात हिरवं काहीतरी दिसलं. तिनं पदर ओढला. मी दही घेतलं. चांगलं लागलं आहे, म्हटलं. ती म्हणाली, "परत ये म्हनजे झाय. दोघं या."
मंगल, पिशवीत औषधं ठेवलीस ना? आणि ती साबणाची वडी. कोरडी कर आधी.